सात दिवसांचं पाणी

अबू धाबीत मोहिद्दीन होडेकरांनी सतरा वर्षांत एकशे बारा पोहण्याचे तलाव बांधले. सगळे लोकांच्या घरामागचे, खाजगी. त्यातला एकच गळला. त्या एकापायी या माणसाचं नाव गेलं, काम गेलं, आणि ज्यांनी ते घालवलं ते आम्ही दोघं, मी आणि आमचे साहेब, मात्र अजून मानाने जगतो आहोत. पुढे लिहिताना माझा तोल सुटला तर सुटू दे.

मी स्मिता. १९९२ साली नवऱ्यामागोमाग सांगलीहून इथे आले. अरुण तलाव बांधणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. लायसन्स एका अरबाच्या नावावर असलं तरी सगळा कारभार रणजितसाहेबांचा. आपल्याच बाजूचे, कोल्हापूरचे. गणपतीला आरतीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असायचा, त्यामुळे माणूस आपला आहे अशी आमची खात्रीच होती. दोन महिन्यांत त्यांनी मलाही टायपिंगला ठेवून घेतलं. ऑफिस मुसफ्फात, वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर पाइप कापायचे आणि वर आम्ही फोनवर बोंबलायचो.

मोहिद्दीनभाई तिथले मुख्य मिस्त्री. दाभोळच्या खाडीकाठचे. बाप-आजोबा होड्यांच्या फटी बुजवायचे, यांनी गल्फमध्ये येऊन तलाव बांधले, म्हणजे पाणी कुठे ठेवायचं एवढंच काय ते उलटलं, असं ते स्वतःच सांगायचे. ठेंगणा, काटक माणूस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कानावर सुताराची पेन्सिल. शाळेशी फारसं जमलं नव्हतं. टेपवरचे आकडे वाचता यायचे, अक्षरं नाहीत. पण बी.ई. झालेले इंजिनिअर नकाशा घेऊन त्यांच्यामागे फिरायचे आणि ते नकाशाकडे न बघता जमिनीवर चुन्याची रेघ टाकून मोकळे व्हायचे.

तलाव कुठे खणायचा हे ठरवायला ते आधी गच्चीवर जात. शेजारच्या कुठल्या खिडकीतून अंगण दिसतं ते बघत. घरातल्या बायकांना मोकळेपणी पाण्यात उतरता येणार नसेल तर तलाव काय फोटो काढायला बांधायचा, असं मालकाच्या तोंडावर विचारत. मग घरात म्हातारं माणूस आहे का याची चौकशी. असेल तर एका बाजूच्या पायऱ्या रुंद आणि उथळ, लांब झगा घालूनही बसता येईल अशा. एका शेखसाहेबांना डायव्हिंग बोर्ड हवा होता. भाईंनी त्यांना अर्धा तास ऐकवलं आणि शेवटी त्या जागी आईसाहेबांसाठी कठडा बसवला. शेखसाहेबांनी वर ईदला बकरा पाठवला.

इथे दीड-दोन मीटर खणलं की खारं पाणी लागतं. पंप लावून ते उपसत राहावं लागतं, नाहीतर काँक्रीटची रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. तेवढ्या भानगडी पार पडल्या, सळ्या, काँक्रीट, पाइप, आतला वॉटरप्रूफ गिलावा झाला, की मग भाईंचं खरं काम सुरू व्हायचं. लादी लावण्याआधी तलाव काठोकाठ भरायचा आणि सात दिवस तसाच ठेवायचा. पायरीवर एक बादली, त्याच पाण्याने भरलेली, तळाशी दगड घातलेली. बादलीत एक पेन्सिलीची रेघ, तलावाच्या भिंतीवर एक. इथलं ऊन पाणी पितंच, पण दोन्हीकडचं सारखं पितं. बादलीइतकंच तलावाचं पाणी उतरलं तर काम पक्कं. जास्त उतरलं तर कुठेतरी गळतंय. त्यांचं माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात दिवस रोज सकाळी ते पाण्याशेजारी उकिडवे बसून सूत मोजायचे. रणजितसाहेब या सात दिवसांवर जाम वैतागायचे. दुसऱ्या कंपन्या एका दिवसात उरकतात, म्हणायचे. भाई ऐकून घ्यायचे आणि आठव्या दिवशी लादी लावायचे.

दर गुरुवारी ते माझ्या टेबलाशी यायचे. एका तलावाला एक पान, अशी एक फाइल मी त्यांच्यासाठी केली होती. ते सांगायचे, मी मराठीत लिहायचे आणि मग वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. पाइप कुठून गेला, किती खोल, सात दिवसांत किती सूत, सगळं त्यात. चौऱ्याण्णव साली खालिदियातल्या एका तलावाचा जमिनीखालचा पाइप फुटला. भाई म्हणाले, खजुराच्या कडेने गेलाय. माझं पान म्हणत होतं, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत. त्यांनी दोन दिवस खजुराशी खणलं, काही नाही. भिंतीशी खणलं तर हातभरावर पाइप. त्या गुरुवारी सगळ्या ऑफिससमोर त्यांनी मला सांगितलं, "बाई, आजपासून तुमचं पान खरं आणि माझं डोकं खोटं." मी इतकी फुगले की घरी अरुणला ही गोष्ट दोनदा सांगितली.

शहाण्णवच्या डिसेंबरात मुश्रिफ भागात अबू हमद नावाच्या गृहस्थांच्या घरी काम चालू होतं. तेल कंपनीतून निवृत्त झालेले, शांत, मोजकं बोलणारे. फेब्रुवारीत ईद होती, त्याआधी नातवंडांसाठी तलाव तयार हवा होता. भाईंनी पाणी भरलं आणि तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, माझ्याकडे आले ते कपाळाला आठ्या घालूनच. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं: बादलीत एक सूत, तलावात तीन सूत. तळाच्या पाइपाच्या गळ्याशी गळती. फोडून परत करणे. तोवर लादी लावू नये. मी वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली आणि ते साहेबांना सांगायला आत गेले.

साहेबांनी आठवडाभर आज-उद्या केलं आणि पुढच्या शनिवारी त्यांना तीन आठवड्यांसाठी अल ऐनला पाठवलं, तिथल्या फिल्टरचं काम निघालं म्हणून. ते परत आले तेव्हा मुश्रिफचा तलाव निळ्या लाद्यांनी चकाचक झाला होता. साहेबांनी त्यांना सांगितलं की दुसरा मिस्त्री लावून गळा फोडून घेतला, परत केला, सात दिवस पाणीही ठेवलं, मी स्वतः उभा होतो. भाईंनी विश्वास ठेवला. साहेब खोटं कशाला बोलेल, धंदा त्याचाच आहे, असं मला म्हणाले. मीही ठेवला. खरं तर कोणी काही फोडलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. भाई अल ऐनला गेले त्याच दिवशी पाणी काढून लाद्या थापल्या होत्या. फोडून परत करायला अठरा हजार दिरहम, म्हणजे पावणेदोन लाख रुपये लागले असते, शिवाय ईद हुकली असती.

मे महिन्यात अबू हमदच्या घरची पाहुण्यांची खोली एका बाजूने खचली. तलावाचं पाणी चार महिने वाळूतून तिच्या पायाखाली जात होतं. भिंतीला बोट जाईल एवढी चीर. नशिबाने आत कोणी नव्हतं. त्यांनी रणजितसाहेबांना एवढंच विचारलं की तलाव तपासला होता का, आणि कोणी. साहेबांनी सांगितलं, मोहिद्दीनने, सात दिवस, आमच्याकडे लेखी आहे. अबू हमद म्हणाले, मग मी येऊन ते लेखी बघतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मला तिथेच कळायला हवं होतं.

"स्मिता, बी प्रॅक्टिकल," ते म्हणाले. "कंपनीवर आलं तर लायसन्स जाणार. चाळीस माणसं घरी, त्यात अरुण पण. मोहिद्दीनच्या गावचे बाराजण पण. आणि त्याच्यावर आलं तर काय? वर्कमनची मिस्टेक. दोन महिने अल ऐनला ठेवतो, मग खलास, कोण लक्षात ठेवतंय? मी त्याला अंतर देईन का? माझा शब्द आहे. फक्त एक पान बदलायचं."

संध्याकाळी अरुणला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांनी शब्द दिलाय ना. नऊ वर्षांचा कुणाल गृहपाठ करत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आई, आर वी गोइंग बॅक?" मी नाही म्हटलं. उत्तर त्याला दिलं, पण ठरलं माझं.

मी पान लिहिलं. त्याच निळ्या पेनाने, त्याच वळणाने. जुनं पान फाडून टाकलं. नवं फार कोरं दिसत होतं म्हणून कोपऱ्याला चहाचा डाग पाडला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती हुशारी माझी.

अबू हमद ठरल्या वेळी आले. लायसन्स ज्यांच्या नावावर ते अरब कफीलही आले होते. रणजितसाहेबांनी खजूर-कॉफी मांडली होती, पण कोणी हात लावला नाही. मोहिद्दीनभाईंना बोलावलं तेव्हा ते अगदी निवांत आले. खोली खचल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, तसं ते बोललेही. पण स्वतःबद्दल त्यांना काडीची धास्ती नव्हती. का असावी? तिसऱ्या दिवशी गळती सापडली होती, ती त्यांनी सांगितली होती, ती लिहिली होती, आणि फाइल माझ्या मांडीवर होती. त्यांनी हे सगळं अबू हमदना हिंदीत सांगितलं. नंतरचं दुरुस्तीचं काम साहेबांनी करून घेतलं, ते साहेबांना विचारा, असंही म्हणाले. अबू हमदनी मान वळवून रणजितसाहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात भाई माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वाचा बाई."

मी वाचलं. "मुश्रिफ, अबू हमद. पाणी भरलं नऊ डिसेंबर. सात दिवस. बादली आणि तलाव, फरक नाही. लादी लावावी." मग त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

भाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते. ते उघडले. मला म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं. माझा आवाज जराही कापला नाही. स्वतःबद्दल याहून वाईट गोष्ट मला आजवर कळलेली नाही.

अबू हमद खुर्चीत पुढे सरकले. इथले जुने लोक बोलतात तशा हिंदीत ते म्हणाले, "मोहिद्दीन, कागज छोडो. तुम बोलो. तुम बोलेगा, हम मानेगा."

रणजितसाहेबांचा चेहरा उतरला, मी पाहिला. एवढंच पुरे होतं. भाईंनी पुन्हा एकदा 'तीन सूत' म्हटलं असतं तर अबू हमदनी तो कागद माझ्या तोंडावर फेकला असता, आणि मी तो झेलला असता. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, बोला भाई, सांगा की ही बाई खोटं बोलतेय. एवढं मोठं दार त्या माणसाने उघडून दिलं होतं.

भाई फाइलीकडे बघत राहिले. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाईने लिखा है तो वोही सही, अरबाब. मेरे को कुछ और याद है, वो गलत होगा. गलती मेरा."

अबू हमद उठले. जाताना त्यांनी भाईंच्या खांद्यावर हात ठेवला. खोली नव्याने बांधून देण्याचं साहेबांनी कबूल केलं आणि कंपनी वाचली.

अल ऐन वगैरे काही झालं नाही. दहा दिवसांत भाईंचा व्हिसा कॅन्सल. गावचे बाराजण हळूहळू काढले, फक्त एक रिझवान राहिला, कारण त्याला क्रेन चालवता येत होती. मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, दार न ठोठावता. तुम्ही शब्द दिला होता, म्हणाले. आणखी पुष्कळ बोलले. साहेब टेकून बसले होते. माझं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "पान तुझ्या अक्षरात आहे, स्मिता. माझी सही आहे का त्यावर कुठे?"

गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आरतीतला तो मोठा आवाज, आपल्या बाजूचा माणूस, सगळं एका वाक्यात उघडं पडलं. मला फसवलं म्हणून मी रडले, संतापले, अरुणशी आठवडाभर बोलले नाही. पण माझ्यासमोर निदान रणजितचा चेहरा होता, राग काढायला. मोहिद्दीनभाईंपुढे तोही नव्हता. त्यांना कोणी फसवलंय हेच त्यांना माहीत नव्हतं.

पासपोर्ट घ्यायला ते ऑफिसात आले तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले. गुरुवारच होता. पँट दुमडलेली नव्हती, इस्त्रीचे कपडे होते. माझी माफी मागितली. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांसमोर या प्रकाराला तोंड द्यावं लागलं, म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला अजून ते तीन सूत दिसतात. तुम्हाला सांगितलेलं दिसतं, तुम्ही लिहिलेलं दिसतं. जे झालंच नाही ते दिसायला लागलं तर माणसाने पाण्याच्या कामात राहू नये. कोणाचा जीव जायचा."

केबिनचं दार उघडं होतं. मी म्हटलं, भाई, जपून जा.

त्यानंतर वर्षभरात अरुणने दुसरीकडे नोकरी धरली. रणजितने दुबईत नवी कंपनी काढली आणि तिथेही आता तो मोठा झालाय. मग २००३ साली मुसफ्फातल्या एका गॅरेजमध्ये मला रिझवान भेटला. सुट्टीवरून नुकताच आला होता. भाईंचं विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. गावच्या मशिदीचा वजूचा, नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद गळत होता, लोक हात जोडून त्यांच्याकडे गेले. त्यांनी बघायलाही नकार दिला. घराबाहेर फारसे पडत नाहीत. नमाज पढून आलो का, चूल विझवली का, हे बायकोला, शहनाझभाभींना, पुन्हा पुन्हा विचारतात. कोण आलं, काय बोललं, ते सगळं मुलीकडून वहीत लिहून घेतात आणि वहीत नसेल ते झालंच नाही असं धरतात. डोकं बिघडलंय का, मी विचारलं. रिझवान म्हणाला, "कसलं बिघडतंय? एकशे बाराही तलावांची मापं तोंडपाठ आहेत. मी विचारून बघितली. सगळी बरोबर सांगितली आणि वर म्हणाले, माझ्यावर भरवसा ठेवू नको."

मला वाटत होतं आपण त्यांची नोकरी घालवली. नोकरी दुसरी मिळते. आपण काय घालवलं ते मला त्या गॅरेजमध्ये कळलं, सहा वर्षांनी. घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. काही राखलं नाही. रणजितने काय सांगितलं, मी कसं लिहिलं, जुनं पान कसं फाडलं, चहाचा डागसुद्धा. तीन सूत खरे होते, तुमचं डोकं शाबूत होतं आणि आहे, खोटी मी होते, असं स्पष्ट लिहिलं. मला शिव्या द्या, गावभर सांगा, पण हौद दुरुस्त करा, असंही लिहिलं. पत्र त्यांना वाचून कोण दाखवणार, तर मुलगी झारा. म्हणून तिलाही चार ओळी वेगळ्या लिहिल्या, की बाळा, एक शब्द गाळू नकोस.

दीड महिन्याने उत्तर आलं. झाराचं अक्षर सुरेख आहे. ती कॉलेजला आहे, आई बरी आहे, असं आधी होतं. मग लिहिलं होतं:

"तुमचं पत्र मी अब्बांना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं, परत वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, बघ, कशी माणसं असतात, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बाई सगळं स्वतःवर घेतायत. त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय की माझ्यासाठी एवढं खोटं लिहू नका. तुमच्या हातून कधी एक अक्षर चुकीचं लिहिलं गेलं नाही, हे त्यांना माहीत आहे."